न प्यालेला फिंजान

मी फिंजान गालिच्यावर ठेवला आणि बैठकीतली अकरा माणसं एकदम गप्प झाली.

त्याआधी तिथं आठवड्याच्या बाजारासारखा कालवा चालला होता. मला अरबी येत नव्हतं, पण समोरचा एक गृहस्थ गुडघ्यावर चापट मारून मारून काहीतरी सांगत होता, म्हणजे एकतर त्याचा गुडघा दुखत असावा किंवा त्याच्या उंटाचा. त्याचा हात गुडघ्याच्या वर तसाच थांबला. कॉफी वाढणारा म्हातारा मुबारक, डाव्या हातात पितळी किटली आणि उजव्या हातात फिंजानांची चळत घेऊन पुढच्या माणसाकडे निघाला होता, तो एक पाय पुढे टाकून जागच्या जागी उभा राहिला. फिंजान म्हणजे बिनकानाची, अंड्याच्या टरफलाएवढी वाटी. तिच्या तळाशी जेमतेम दोन घोट पिवळट कॉफी, वेलदोड्याच्या वासाची, बिनदुधाची, बिनसाखरेची. एवढ्याशा वस्तूनं अकरा दाढीवाल्यांची वाचा बसली. माझ्याकडून काय चुकलं, ते मला कळेना.

गोष्ट आहे ब्याऐंशी सालची. गावाचं नाव सांगून उपयोग नाही, नकाशात बघाल तर माशी बसून गेल्यासारखा एक ठिपका दिसेल आणि तो बहुधा माशीचाच असेल. आखातातलं वाळवंट. ऊन एवढं की दुपारी सावलीसुद्धा माणसाच्या पायाखाली येऊन बसायची. मी मूळचा जयसिंगपूरचा, रंगराव मगदूम, विहिरीवरच्या पंपांचा मिस्त्री. तिकडे खजुराच्या बागांना पाणी लागायचं, पाण्याला पंप लागायचे आणि वाळू खाऊन मेलेल्या पंपांना मी लागायचो.

मला जाऊन जेमतेम सात महिने झाले होते आणि मेहुण्याचं, सर्जेरावाचं, पत्र आलं होतं. "दाजी, अक्काला आठवा लागलाय. डॉक्टरीणबाईंनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलंय. अक्का काही बोलत नाही. आम्ही पण विचारत नाही." अक्का म्हणजे माझी बायको, मालन. ती का बोलत नव्हती ते मला माहीत होतं. याआधी दोनदा आमचं मूल सहाव्या महिन्यात गेलं होतं. दोन्ही वेळेला मी कुठल्या तरी परगावच्या विहिरीत उतरलेलो होतो आणि घरी पोचलो तेव्हा सगळं आवरून झालं होतं. दुसऱ्या वेळेला मालन एवढंच म्हणाली होती, "तुम्ही असता तर काय झालं असतं? काही नाही. पण असायला पाहिजे होतं."

पत्र घेऊन मी मॅनेजरकडे गेलो. मॅनेजर आपलेच, दामलेसाहेब. परमुलखात आपला माणूस वरिष्ठ असला की फार बरं, नकार तरी मायबोलीत मिळतो.

"मगदूम, करार दोन वर्षांचा आहे," साहेब म्हणाले. "बाळंतपण बायकांचं. तुम्ही जाऊन काय करणार?"

"दाराशी बसीन, साहेब."

"दाराशी बसायला रजा नसते."

आमचे पासपोर्ट साहेबांच्या कपाटात असायचे. तिथल्या कायद्यानं परदेशी माणसाला कुणीतरी स्थानिक जामीन लागायचा. आमच्या सगळ्या कंपनीचा जामीन म्हणजे शेख अबू राकान. त्याचा शब्द आला की कपाट उघडायचं. पण त्याच्यापर्यंत माझ्यासारख्याचा आवाज जाणार कसा?

मग माणूस जे करतो ते मी केलं. जोतिबाला साकडं घातलं, की मालन आणि पोर सुखरूप राहू दे, पोराचं तोंड बघेपर्यंत चहा-कॉफीला शिवणार नाही. सोडायची तर जिवाची वस्तू सोडावी. मी दिवसाला चौदा कप चहा पिणारा माणूस. मालन म्हणायची, तुम्हाला सुई टोचली तर चहाच येईल, तोही गाळून. पहिले चार दिवस डोकं असं ठणकलं, की पंप बंद केला तरी मला चालूच असल्याचा भास व्हायचा. कॅम्पाजवळच्या टपरीत सगळे आपापली फर्माईश द्यायचे. कुणाला दूध घालून कडक, कुणाला वेलदोड्याचा, कुणाला पुदिन्याचा. मी म्हणायचो, "गरम पाणी." टपरीवाला पहिल्यांदा हसला, दुसऱ्यांदा त्यानं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला आणि तिसऱ्या दिवसापासून पाण्यात गुपचूप सुंठ टाकून द्यायला लागला.

असे बावीस दिवस गेले आणि अबू राकानच्या स्वतःच्या बागेतला पंप बंद पडला.

निघताना दामलेसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "पंप करायचा आणि परत यायचं. रजेचा शब्द तिथं काढायचा नाही. काढलात, तर इथं परत यायची गरज नाही आणि तिकीटही मिळणार नाही. समजलं?"

समजलं होतं.

गाडी चालवायला इब्राहिमभाई परकार होते. खेडचे, वीस वर्षं तिकडेच. अरबी अशी बोलायचे की अरबांनी शब्द विचारायला यावं. वाटेत त्यांनी मला धडे दिले. "काम झालं की आत बोलावतील. कॉफी देतील. नाही म्हणायचं नाही, फार वाईट दिसतं. उजव्या हातानं घ्यायची. पुरे झाली की रिकामा फिंजान असा हलवायचा, नाहीतर तो म्हातारा ओततच राहील. मागे एका इंजिनियरला माहीत नव्हतं. एकवीस फिंजान प्याला. तीन दिवस झोपला नाही."

"पण मी सोडलीय ना, इब्राहिमभाई."

"मला माहीत आहे रे. हातात तर घे. पुढचं मी बघतो."

पंप तासाभरात सुरू झाला. पाटात पाणी खळाळलं तेव्हा अबू राकान स्वतः येऊन पाण्यात अनवाणी उभा राहिला. पन्नाशीचा, उंच, डोळे माणसाला मोजणारे. माझा तेलकट हात त्यानं आपल्या स्वच्छ हातात घेतला आणि मला तसंच धरून बैठकीत नेलं, सगळ्यांच्या देखत आपल्या उजव्या बाजूला बसवलं. आणि पुढचं बघणारे इब्राहिमभाई? गाडीचं मागचं चाक बसलं होतं, ते बाहेर जॅक लावत होते.

तर मी फिंजान उजव्या हातानं घेतला. प्यायचा नव्हता. नाही म्हणायचं नव्हतं. परत द्यायचाही धीर होईना. आपल्याकडे अशा वेळी माणूस काय करतो? कप हळूच खाली ठेवतो. गप्पा चालू राहतात, चहावर साय धरते, वहिनी येऊन कप उचलून नेतात, कुणी काही विचारत नाही. मीही तसंच केलं. तीर्थाची वाटी ठेवावी तसा, अगदी अदबीनं तो समोर ठेवला.

आणि सगळे गप्प झाले.

अबू राकान पूर्ण माझ्याकडे वळला. हळू आवाजात, फार आदरानं त्यानं काहीतरी विचारलं. मला वाटलं, आग्रह करतोय. आग्रहाला काय म्हणायचं ते मला कुठल्याही भाषेत येतं. छातीवर हात ठेवून, हसून म्हणालो, "ला, ला. शुक्रन."

त्याच्या कपाळावर आठी पडली. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा नको म्हणालो, जरा जास्त हसून. मेंदी लावलेल्या दाढीचे एक वयस्क काका, हे अबू राकानचे चुलते, शेजाऱ्याच्या कानात काहीतरी पुटपुटले. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र मला घाम फुटला आणि मी दोन्ही हात जोडले.

हात जोडलेले बघून काकांनी डोळे मिटून घेतले. दाराजवळचा एक तरुण उठला आणि घाईघाईनं बाहेर गेला. अबू राकाननं मुबारकला खूण केली, मुबारक किटली घेऊनच बाहेर धावला आणि इब्राहिमभाईंना घेऊन आला. त्यांचे हात ग्रीसनं काळे होते. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग गालिच्यावरच्या फिंजानाकडे, आणि दारातच खाली बसले.

"रंगराव," ते मराठीत म्हणाले, "काय मागितलंस?"

"मी? काहीच नाही."

"मग तो खाली कशाला ठेवलास?"

"सोडलीय म्हणून. तुम्हाला ठाऊक आहे की."

"अरे माझ्या बाबा." इब्राहिमभाईंनी तोंडावरून हात फिरवला, तोंडही काळं झालं. "ही जुनी बदू, वाळवंटातल्या भटक्या टोळ्यांची माणसं. यांच्यात पाहुण्यानं भरलेला फिंजान न पिता समोर ठेवला, म्हणजे त्याला घरधन्याकडे काही मागायचं असतं. मोठं काहीतरी. घरधन्यानं ते दिलं की मगच पाहुणा पितो. देता आलं नाही, तर त्या घराची अब्रू गेली. गावभर होतं, की अमक्याच्या घरी माणूस कॉफी न पिता उठला. आणि हे तुला तीन वेळा विचारतायत, बोल, काय पाहिजे. तू काय म्हणालास?"

"नको म्हणालो."

"आणि हात जोडलेस."

"जोडले."

"म्हणजे यांना वाटलं, चारचौघांत तोंडातून निघणार नाही असं काहीतरी याला हवंय. ते काका म्हणतायत, हा पांढरी घोडी मागणार. दुसरा म्हणतोय, घोडी कुठली, धाकटी मुलगी मागणार. तो पोरगा बाहेर गेला ना, तो तबेल्याच्या दाराशी जाऊन उभा राहिलाय."

"अहो, मी लग्नाचा माणूस आहे."

"ते इथं आड येत नाही," इब्राहिमभाई म्हणाले.

बैठकीतले सगळे आमच्या तोंडाकडे बघत होते. इब्राहिमभाई माझ्याकडे सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ऐक. वीस वर्षांत अशी वेळ मी कुणावर आलेली बघितली नाही. रजा माग."

"दामलेसाहेब..."

"दामले गेला खड्ड्यात. या माणसानं हो म्हटलं की दामले स्वतः तुझी बॅग भरेल."

"पण मी त्यासाठी ठेवला नव्हता, इब्राहिमभाई. मी जोतिबासाठी सोडलीय. हे खोटं होईल."

"रंग्या, वरच्याकडे अर्ज केलास तो केलास. उत्तर कुठल्या टेबलावरून येतंय ते बघत बसतोस का? माग."

मी आयुष्यात थापा थोड्या मारलेल्या नाहीत. पण इतक्या सरळ उघडलेल्या दारातून आत जायची मला सवय नव्हती. मी अबू राकानकडे बघून मराठीतच म्हणालो, "मला घरी जायचंय. बायकोला आता नववा महिना लागलाय. आधी दोन गेली. या वेळी मला तिथं असायचंय."

इब्राहिमभाईंनी अरबीत सांगितलं. माझ्यापेक्षा त्यांचं बरंच लांबलं. मध्ये दोनदा त्यांनी डोळे पुसले, त्यातलं खरं किती आणि ग्रीस किती ते मला सांगता येणार नाही.

अबू राकाननं विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

बैठकीत वारं सुटावं तसा सगळ्यांनी श्वास सोडला. काकांनी तर सरळ माझ्या पाठीवर थाप मारली. कुणीतरी दारातून ओरडून तबेल्यापाशी उभ्या असलेल्या पोराला आत बोलावलं. अबू राकान हसला, त्याचे दात मला पहिल्यांदाच दिसले. उद्याच्या विमानानं जा, म्हणाला. तिकीट मी देतो. दामल्यांना चिठ्ठी लिहितो. मग त्यानं फिंजानाकडे हात केला. हे मला तर्जुम्याशिवाय कळलं. पी आता.

मी फिंजानाकडे बघत राहिलो.

"पी ना," इब्राहिमभाई म्हणाले.

"पोराचं तोंड बघेपर्यंत नाही म्हणून शब्द दिलाय."

"रंगराव, प्याला नाहीस तर त्याचा अर्थ काय होईल कळतंय का? अजून काही मागायचंय. किंवा त्यानं दिलेलं तुला पसंत नाही. आत्ता हसतोय तो. दोन घोट आहेत, गटकन पिऊन टाक, पाप माझ्या डोक्यावर."

मी फिंजान उचलला. कॉफी गार झाली होती. ओठापासून चार बोटांवर तो आला आणि पुढे जाईना. मी काही फार देवभोळा माणूस नाही. पंप बंद पडला तर मी आधी व्हॉल्व्ह बघतो, अंगारा लावत नाही. पण मालन जयसिंगपुरात पाठीवर पडून छताकडे बघत होती, हलायचं नाही म्हणून हलत नव्हती. ती एवढं करत होती आणि मी करत होतो ते फक्त हे. दुसरं माझ्या हातात काही नव्हतंच.

मी फिंजान परत खाली ठेवला.

अबू राकानचं हसू मावळलं. त्यानं काहीतरी विचारलं, मला नव्हे, इब्राहिमभाईंना. इब्राहिमभाई हातावरचं ग्रीस पुसायला लागले.

"सांगा त्यांना," मी म्हणालो.

"गप बस. सांगितलं तर सगळं जाईल."

"सांगा. सगळं सांगा."

त्यांनी सांगितलं. या वेळी लांबण लावली नाही. नवस, बावीस दिवस, गरम पाणी. ऐकता ऐकता अबू राकानची मान हळूहळू वर झाली. मग त्यानं एक प्रश्न विचारला आणि इब्राहिमभाईंनी तो मला मराठीत सांगितला.

"म्हणतायत, म्हणजे पहिल्यांदा फिंजान ठेवलास तेव्हा तू माझ्याकडे काही मागतच नव्हतास?"

बाहेर पाटातलं पाणी ऐकू येत होतं. मागत होतो म्हणालो असतो तर विमान होतं. जन्मभर ज्या तोंडानं मी बाजारात विहिरीची खोली वाढवून सांगितली, पकडलेल्या माशाचं वजन वाढवून सांगितलं, त्या तोंडाला तेवढी एक थाप जड नव्हती. पण ज्याच्यासाठी शब्द पाळायचा त्याच्यासाठीच खोटं बोलायचं, हा हिशेब मला जमेना.

"नाही," मी म्हणालो. "तुमच्याकडे मागायचा मला धीरच नव्हता. मला तुमची रीत ठाऊक नव्हती. कळल्यावर मागितलं."

काका ताडकन काहीतरी बोलले. त्यांच्या दाढीचा रंग आणि चेहऱ्याचा रंग एक झाला. पासपोर्ट, विमान, मालन, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. दामलेसाहेबही गेले.

अबू राकान मला म्हणाला, "किती गेली म्हणालास?"

मी दोन बोटं दाखवली.

त्यानं आपला हात वर केला. चार बोटं. मग त्या हातानं त्यानं माझ्यापुढचा फिंजान उचलला आणि ती गार कॉफी एका दमात पिऊन टाकली. काकांनी कपाळाला हात लावला. मुबारक तर किटली खाली ठेवून बघत राहिला. पाहुण्याच्या फिंजानातून घरधनी प्याला, असं त्यानं साठ वर्षांत बघितलं नव्हतं, हे मला इब्राहिमभाईंनी नंतर सांगितलं.

अबू राकाननं रिकामा फिंजान हलवला, बास म्हणून, आणि मुबारककडे दिला. काकांकडे वळून तो जे बोलला ते इब्राहिमभाईंनी मला दबक्या आवाजात सांगितलं. "म्हणतायत, मागितल्यावर तर कुणीही देतो. याचा फिंजान मी प्यालो, विषय संपला. आता याला कुणी अडवलं तर मला अडवलं."

गुडघ्यावर चापट मारणाऱ्या गृहस्थानं आपली गोष्ट जिथं थांबवली होती तिथून पुन्हा सुरू केली.

दामलेसाहेबांनी चिठ्ठी तीनदा वाचली. कपाट उघडलं, पासपोर्ट काढला आणि मला म्हणाले, "मगदूम, मी शब्द काढू नका म्हणालो होतो."

"मी शब्द काढला नाही, साहेब. खाली ठेवला." हा काय म्हणतोय म्हणून ते बघत राहिले आणि मी पासपोर्ट घेऊन निघालो.

मुंबईला उतरलो तेव्हा तार करायला सुचलं नाही आणि सुचलं असतं तरी मी केली नसती, उलट तार काय येईल याची भीती. रात्रभर गाडीत बसून होतो. समोरच्या बाकावरची बाई लोणच्याची बरणी मांडीत धरून झोपली होती आणि मी त्या बरणीकडे बघत सातारा, कराड, सांगली मागे टाकत होतो. आपण पोचतोय ते सगळं आवरून झाल्यावर तर नाही, एवढाच एक विचार चाकांबरोबर फिरत होता.

मिरजेला सकाळी उतरलो. अबू राकाननं परस्पर दामलेसाहेबांना सांगून घरी तार करायला लावली होती, हे मला माहीत नव्हतं. त्यामुळे फलाटावर सर्जेराव दिसला आणि मी पिशवी घेऊन जागच्या जागी उभा राहिलो. तो गर्दीतून माझ्याकडे येत होता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली, डोळे लाल. दोन रात्री न झोपलेल्या माणसाचा चेहरा. तसा चेहरा मी आधी दोनदा बघितला होता.

तो जवळ आला. मी विचारलं नाही. त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली, उचलून वजन बघितलं, मागे वळून फलाटावर अजून काही उतरलंय का ते शोधलं आणि वैतागून म्हणाला,

"दाजी, सामान एवढंच? दोन वर्षांसाठी गेला होता ना तुम्ही? एक रेडिओ तरी आणायचा."

मी तिथंच एका पत्र्याच्या पेटीवर बसलो. वाईट बातमी आणलेला माणूस रेडिओ मागत नाही.

"बसताय काय?" सर्जेराव म्हणाला. "चला, टांगा उभा आहे. पोरगी परवा झाली तेव्हापासनं इथला सगळा दवाखाना डोक्यावर घेतलाय तिनं. आणि अक्का म्हणतीया, तिचा बाप आल्याशिवाय मी एकटी ऐकून घेणार नाही."